साइन कट करण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत चाळीसगावला आत्याकडे गेलो, तेव्हा सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बरोबर होता. मी पुण्यात एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना सीईटीचं गणित शिकवतो. आत्यानं हेच गणित कनिष्ठ महाविद्यालयात उभा जन्म शिकवलं. आता ती निवृत्त आहे. फराळाचं ताट बाजूला सारून तिनं गठ्ठ्यातला वरचाच पेपर ओढला. प्रश्न असा होता : ० ते ३६० अंशांत, ३६० न धरता, साइन २क्ष = साइन क्ष या समीकरणाच्या उकली किती? निम्म्याहून जास्त मुलांनी ‘दोन’ या पर्यायावर खूण केली होती. बरोबर उत्तर चार. त्यानंतरचं आमचं बोलणं इथे मांडतो आहे. सगळं काही आम्हाला एकमेकांचं पटलं नाही. पण जे पटलं, ते त्रिकोणमितीच्या वाटेला जाणाऱ्या प्रत्येक मुलापर्यंत पोहोचावं असं मला मनापासून वाटतं.

आत्या : या मुलानं कच्चं काम शेजारीच केलंय, बरं झालं. साइन २क्ष म्हणजे २ साइन क्ष कोसाइन क्ष, हे सूत्र त्याला पाठ आहे. मग डावीकडच्या साइनवर एक तिरकी रेघ, उजवीकडच्या साइनवर एक. उरलं २ कोसाइन क्ष = १. कोसाइन अर्धा, म्हणून क्ष ६० किंवा ३००. आकडेमोड चोख आहे रे.

मी : तेच तर. ‘साइन साइन कट’ म्हणतात मुलं. सातवी-आठवीपासून हाताला लागलेली सवय आहे ती.

आत्या : कट म्हणजे काय केलं त्यानं? दोन्ही बाजूंना साइन क्षनं भागलं. आणि साइन क्ष शून्य असेल तर? शून्यानं भागता येत नाही, हे त्याला कुणीही विचारलं असतं तर त्यानं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण त्या रेघेखाली शून्य दडलेलं असू शकतं, हे त्याला दिसलं नाही. साइन शून्य होतो ० अंशाला आणि १८० अंशाला. नेमक्या त्याच दोन उकली गेल्या.

मी : मी मुलांना असा प्रश्न आलेख काढून सोडवायला सांगतो. साइन क्षची एक लाट, साइन २क्षच्या तेवढ्याच जागेत दोन लाटा. दोन्ही वक्र एकमेकांना कुठे छेदतात ते मोजायचं. एक, दोन, तीन, चार. वीस सेकंदांत उत्तर. आत्या, सीईटीत गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. चुकलं तर गुणही कापत नाहीत. तिथे बैठक मारून अवयव पाडत बसणं परवडत नाही.

आत्या : घड्याळ लाव. सगळं एका बाजूला आणते : २ साइन क्ष कोसाइन क्ष − साइन क्ष = ०. साइन सामाईक काढते : साइन क्ष × (२ कोसाइन क्ष − १) = ०. दोघांचा गुणाकार शून्य आहे, म्हणजे दोघांपैकी एक तरी शून्य. पहिला शून्य असेल तर ० आणि १८०. दुसरा असेल तर ६० आणि ३००. किती झाली सेकंदं?

घड्याळ मी लावलं नव्हतं, पण वीसच्या फार पुढे गेली नसावीत.

मी : हे सोपं होतं म्हणून. आणि भागणं हा काही गुन्हा नाही. साइन क्ष = कोसाइन क्ष हे घे. मी सरळ कोसाइननं भागतो. टॅन क्ष = १, म्हणून ४५ आणि २२५. एकही उकल हरवत नाही.

आत्या : का हरवत नाही?

मी : कोसाइन शून्य असता, तर समीकरणाप्रमाणे साइनही शून्य असायला हवा होता. पण दोघांच्या वर्गांची बेरीज १ असते, म्हणून दोघं एकाच वेळी शून्य होऊ शकत नाहीत.

आत्या : मग तू भागण्याआधी तपासलंस. माझं भांडण भागाकाराशी नाहीच. तपासलं तर खुशाल भाग. ‘साइन शून्य असेल तर ह्या उकली, शून्य नसेल तर भागून त्या’ असं लिहिणारा मुलगा अवयवच पाडतो आहे, फक्त वेगळ्या शब्दांत. मला राग आहे तो न बघता मारलेल्या रेघेचा.

इथपर्यंत आमचं एकमत होतं. पण मला मुद्दा सोडायचा नव्हता. क्लासमध्ये शिकवणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते : मुलांना अवयव पाडण्याची कृती पाठ असते, तिच्यामागचं कारण ठाऊक नसतं. मग ती कृती त्यांना वाचवत नाही, उलट बुडवते.

मी : हा दुसरा पेपर बघ. २ साइन² क्ष − साइन क्ष = १. या मुलीनं तुझ्याच पद्धतीनं सामाईक काढलं : साइन क्ष × (२ साइन क्ष − १) = १. मग लिहिलं, ‘साइन क्ष = १ किंवा २ साइन क्ष − १ = १’. दोन्हींकडून आलं साइन १, म्हणून क्ष = ९०. ताळा करून पाहिला, जमला. तिला वाटलं, झालं गणित.

आत्या : ही चूक तर पहिल्या मुलापेक्षा खोल आहे. शून्याच्या अंगी जे आहे, ते एकाच्या अंगी नाही. गुणाकार शून्य आला की एक तरी अवयव शून्य असणारच, दुसरी वाटच नाही. पण गुणाकार १ यायला शंभर वाटा आहेत. अर्धा गुणिले दोन. उणे अर्धा गुणिले उणे दोन. आणि तिच्या समीकरणात हीच दुसरी वाट होती. साइन उणे अर्धा घे, कंसात उणे दोन येतं, गुणाकार १. ती उकल तिच्या हातातून निसटली.

मी : म्हणजे २१० आणि ३३०.

आत्या : हो. तो एक आधी डावीकडे आणायचा. २ साइन² क्ष − साइन क्ष − १ = ०. अवयव (२ साइन क्ष + १) आणि (साइन क्ष − १). उकली तीन : ९०, २१०, ३३०. उजवीकडे शून्य आणण्याचा आग्रह आपण नीटनेटकेपणासाठी धरत नाही. सगळ्या पद्धतीचा जीव त्या शून्यात आहे.

मी : पण आत्या, मधल्या पदाची फोड मुलांनी दहावीत शेकड्यानं केलेली असते. मराठी माध्यमातला मुलगा तिथे ‘अवयव पाडा’ म्हटलं की डोळे झाकून पाडतो. अकरावीत विज्ञान शाखेला आला की सगळं इंग्रजीत. ‘फॅक्टर’ म्हणजे आपला जुना ओळखीचा अवयव, हे त्याच्या ध्यानात यायला सहा महिने जातात. त्यात अव्यक्ताच्या जागी साइन येऊन बसला की तो बिचकतो. २य² − य − १ त्याला जमतं, २ साइन² क्ष − साइन क्ष − १ जमत नाही.

आत्या : मग त्याला दोन पायऱ्यांत चढव. साइनला तात्पुरतं ‘स’ म्हण. ‘स’चं वर्गसमीकरण सोडव, ते दहावीचंच आहे. ‘स’च्या किमती मिळाल्या की विचार, कोणत्या कोनाचा साइन एवढा? पहिली पायरी बीजगणिताची, दुसरी त्रिकोणमितीची. मुलं दोन्ही एकदम चढायला जातात म्हणून अडखळतात. भास्कराचार्य अव्यक्ताला ‘यावत्-तावत्’ म्हणत. जितकं असेल तितकं. काय आहे ते नंतर बघू, आधी नाव देऊन कामाला लागू.

भास्कराचार्यांचं नाव आत्याच्या तोंडी सहज आलं. चाळीसगावजवळच्या पाटण गावात शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला, त्याची ही नोंद. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. आत्या दर वर्षी एक तुकडी तिथे नेत असे.

मी : भास्कराचार्यांनी अवयव पाडले नव्हते हं. त्यांची रीत मध्यमाहरणाची. दोन्ही बाजूंत योग्य ती राशी मिळवून पूर्ण वर्ग करायचा आणि मूळ काढायचं.

आत्या : खरं आहे. गुणाकार शून्याला आणून अवयवांतून बीजगणिती समीकरणं उभी करण्याची रीत युरोपात थॉमस हॅरियटच्या १६३१ साली छापलेल्या पुस्तकात ठळकपणे दिसते. पण मला पद्धत नाही सांगायची, शिस्त सांगायची आहे. ‘बीजगणिता’तली वानरांची उदाहरणं आठवतात? कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग वनात खेळतोय, उरलेले बारा डोंगरावर. एकूण किती? उत्तरं दोन : ४८ आणि १६. भास्कराचार्यांनी दोन्ही ठेवली. दुसरं उदाहरण : कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून त्याचा वर्ग गुहेत गेला, एक वानर बाहेर दिसतंय. इथेही उत्तरं दोन : ५० आणि ५. आता पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. उणे दोन वानर कुठून आणायचे? म्हणून पाच त्यांनी सोडलं. बघ, आधी दोन्ही उत्तरं काढली, समोर ठेवली, मग एक नाकारलं, आणि ते का नाकारलं तेही सांगितलं. तुझ्या विद्यार्थ्यानं साइन न बघताच टाकला.

मी : असं नाकारणं त्रिकोणमितीतही येतं. २ साइन² क्ष + ३ कोसाइन क्ष = ०. साइनच्या वर्गाच्या जागी १ वजा कोसाइनचा वर्ग ठेवायचा. कोसाइनला ‘क’ म्हटलं, तर २क² − ३क − २ = ०. मधल्या उणे तीनची फोड उणे चार आणि एक. अवयव (२क + १) आणि (क − २). उणे अर्ध्यातून १२० आणि २४० मिळाले. कोसाइन दोन कधीच होत नाही, तो उणे एक ते एक यांच्याबाहेर जात नाही. मी फळ्यावर त्यावर काट मारतो आणि पुढे जातो. ती उकल म्हणजे नुसता बीजगणिताचा कचरा.

आत्या : कचरा म्हणू नकोस. थांब जरा.

ती आत गेली आणि एक कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीत हातानं फिरवायचं जुनं ड्रिल होतं. ड्रिलच्या चकात जाड तारेचा एक डोळा बसवलेला. त्या डोळ्यात सायकलच्या चाकातला स्पोक, त्याच्या वाकड्या टोकानं अडकवलेला, लांबी बरोबर पंचवीस सेंटिमीटर. खालच्या टोकाला एक वजनदार नट. ड्रिल खाली तोंड करून धरलं की स्पोक सरळ खाली लोंबतो, आणि दांडा फिरवला की चकाबरोबर गोल फिरतो.

आत्या : स्पोक सरळ लोंबत असेल तो कोन शून्य. बाहेर झुकेल तसा कोन वाढेल. स्पोकच्या ताणाचा उभा भाग नटाचं वजन पेलतो, आडवा भाग नटाला वर्तुळात धरून ठेवतो. दोन्ही अटी लिही, ताण घालव. काय उरतं?

मी कागदावर मांडलं. गुरुत्वत्वरण गुणिले साइन = कोनीय वेगाचा वर्ग × लांबी × साइन × कोसाइन. लांबी पाव मीटर घेतली, चक सेकंदाला न फेरे घेतो असं धरलं, तर उजवीकडे पायचा वर्ग × न² असा गुणक येतो. पायचा वर्ग सुमारे ९.८७, गुरुत्वत्वरण सुमारे ९.८. दोघं जवळजवळ सारखेच. उरलं ते इतकं साधं की मी दोनदा पाहिलं :

साइन = न² × साइन × कोसाइन.

आत्या : न चा वर्ग दोन घे. पाच सेकंदांत सात फेरे, एवढाच वेग. आता तुझा पेपर बघ.

साइन = २ साइन कोसाइन. परीक्षेतलं समीकरण अक्षरशः माझ्यासमोर लोंबत होतं. आत्यानं दांडा फिरवायला सुरुवात केली. आधी अगदी सावकाश. चक फिरत होता आणि स्पोक जागच्या जागी, सरळ खाली, फक्त स्वतःभोवती वळत होता. मग तिनं वेग वाढवला. सेकंदाला एका फेऱ्याच्या थोडं पुढे गेल्यावर स्पोक थरथरला आणि सरकत बाहेर झुकला. वेग आणखी वाढला तसा वर चढत गेला. पाचात सातच्या आसपास तिनं हात एका लयीत ठेवला. स्पोक पार तिरपा होऊन फिरत राहिला. साठ अंश असावेत असं डोळ्यांना दिसत होतं.

आत्या : हे तुझं ६०. ३०० म्हणजे तोच कोन, दुसऱ्या बाजूला. तुझ्या मुलाला हे दोन मिळाले. सावकाश फिरताना सरळ लोंबत होता, ते ०. आणि स्पोक ताठ असल्यामुळे सरळ वर उभा, ते १८०. तसा तो टिकायचा नाही, जरा हलला की पडेल. पण समतोल आहेच. त्यानं साइन कट केला, म्हणजे लोंबणारा स्पोकच गणितातून काढून टाकला. ज्या स्थितीपासून आपण सुरुवात केली, तीच त्याच्या उत्तरात नाही.

मी : आणि सावकाश फिरवताना तो बाहेर का येत नव्हता?

आत्या : तू सांग. अवयव समोर आहेत : साइन × (१ − न² × कोसाइन) = ०. सेकंदाला अर्धा फेरा घे.

मी : न² म्हणजे पाव. कोसाइन चार यायला हवा. अशक्य. म्हणून दुसऱ्या अवयवातून उकलच नाही. फक्त साइन शून्य उरतो, म्हणजे सरळ लोंबणं. एक फेरा केला तर कोसाइन एक, तिथेही कोन शून्यच. त्याच्या पुढे मात्र कोसाइन एकाच्या आत येतो आणि नवी उकल उघडते. दोन फेऱ्यांना कोसाइन पाव, म्हणजे सुमारे ७६ अंश.

आत्या : मग ‘कोसाइन चार’ हा कचरा होता का? तो सांगत होता, या वेगाला बाहेर पडण्याची वाट अजून बंद आहे. कुठल्या वेगाला उघडेल तेही त्याच्याच पोटात होतं. वाफेच्या इंजिनावर १७८८ मध्ये जेम्स वॉटनं बसवलेला गोळ्यांचा गव्हर्नर याच तत्त्वावर चालायचा. वेग वाढला की गोळे बाहेर फाकायचे आणि वाफेची झडप आवळायचे. अशक्य उत्तर नाकार, जरूर नाकार. पण ते का अशक्य आहे हे वाचून मग नाकार.

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. पण एक शंका शिल्लक होती, आणि ती मला प्रामाणिक वाटते.

मी : आत्या, हे सगळं जमलं, कारण समीकरण जमण्यासारखं होतं. जगातली बहुतेक समीकरणं अशी अवयवांत फुटत नाहीत. कोसाइन क्ष = क्ष घे, क्ष रेडियनमध्ये. याला अवयव नाहीत. आलेख काढला की एकच छेदबिंदू दिसतो, ०.७३९ च्या जवळ. ग्रहाची जागा काढायचं केप्लरचं समीकरणही असंच, त्यातही कोन आणि त्याचा साइन एकत्र येतात. तिथे अवयव पाडणारा मुलगा हात चोळत बसेल, आलेख काढणारा नाही. म्हणून मी आलेख आधी शिकवतो, आणि पुढेही शिकवणार.

आत्या : शिकव. आलेखाला माझा विरोध कधीच नव्हता. आलेख सांगतो किती आणि साधारण कुठे. अवयव सांगतात नेमकं कुठे, आणि कशामुळे. वक्र रेषेला नुसता टेकला की ओलांडून गेला, हे पेन्सिलीच्या जाडीत कळत नाही. अवयवाचा वर्ग आला की लगेच कळतं. जिथे समीकरण फुटतं तिथे फोडून बघावं, जिथे फुटत नाही तिथे आलेख घ्यावा. तू म्हणतोस मुलांना १०८ सेकंद आहेत. कबूल. पण त्यातलं एक सेकंद रेघ मारण्याआधी थांबायला दे.

मी : एक सेकंद देता येईल.

आम्ही असे अर्ध्यावर भेटलो. वेगाचं महत्त्व माझ्या लेखी आजही कमी झालेलं नाही. ज्या मुलाचा प्रवेश त्या ९० मिनिटांवर ठरतो, त्याला वेग नको असं सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. पण वेगासाठी काय सोडायचं आणि काय नाही, याबद्दल माझं मत त्या दुपारी बदललं. दोन्ही बाजूंना सारखं दिसणारं पद ही अडगळ नव्हे. बऱ्याचदा एखादी अख्खी शक्यता तिथेच असते, आणि ती इतकी साधी असते की तिच्याकडे लक्षच जात नाही. लोंबणाऱ्या स्पोककडे कुणी बघत नाही, सगळे बाहेर झुकायची वाट बघत असतात.

सुट्टीनंतर ती पिशवी घेऊनच पुण्याला परतलो. वर्गात एक नियम केला : कुठलंही पद कट करण्याआधी समासात ते लिहायचं आणि पुढे ‘= ०?’ असं विचारायचं. उत्तर ‘कधीच नाही’ असेल, तर कारण लिहून खुशाल कट करा. ‘होऊ शकतं’ असेल, तर सगळं एका बाजूला आणा. मग ड्रिल बाहेर काढलं. ज्याचा पेपर आत्यानं वाचला होता, त्यालाच दांडा फिरवायला दिला. त्यानं जोरात फिरवला, स्पोक वर गेला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग तो आपणहून थांबला, स्पोक खाली येऊन सरळ लोंबेपर्यंत बघत राहिला, आणि पुन्हा सुरुवात केली, या वेळी अगदी हळू. फेरे मनात मोजत होता. चक फिरत होता आणि स्पोक सरळच होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “सर, हीच ना ती शून्यवाली?”